क्वालिसचा बिघडवलेला व्हॅक्यूम पंप: पुन्हा उघडायचा की नवा टाकायचा?

भांडुपला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी रिव्हर्समध्ये उतारावरून खाली गल्लीत काढावी लागते. मध्ये तीन आठवडे असे गेले की सकाळी इंजिन सुरू केल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं लागायचं. मग गिअर न टाकता मनात आकडे मोजत बसायचो. चौदा-पंधरापर्यंत गेलं की पेडल हळूच पायाखाली बसायचं, आणि मगच गाडी हलवायची. वॉचमन गेट उघडून उभा, मागे शाळेची रिक्षा हॉर्न देतेय, आणि मी आकडे मोजतोय.

गंमत म्हणजे क्वालिसचा व्हॅक्यूम पंप तेव्हा नुकताच 'रिपेअर' होऊन आला होता. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागे बसवलेला हा पंप हवा ओढून घेतो, आणि त्या व्हॅक्यूमच्या जोरावर बूस्टर नावाचा डबा ब्रेक दाबायला पायाला मदत करतो. ती मदत नसेल तर पेडल कडक. नेला होता तो फक्त तेल गळत होतं म्हणून. परत आला तेव्हा तेल गळतच होतं आणि वर ब्रेक कडक झाला होता. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "साहेब, गाडी जुनी झाली, आता एवढंच." गाडी 2004 ची, तेव्हा जुनी हे खरंच. पण आदल्या शनिवारपर्यंत ती एवढी जुनी नव्हती.

ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. रस्ते तीन: तोच पंप नवं किट टाकून पुन्हा नीट बसवून घ्यायचा, पंपासकट नवा अल्टरनेटर टाकायचा, किंवा कुर्ल्याहून जुना आणायचा. पहिला मी केला. दुसरा माझ्या मेहुण्याने केला, त्याचीही क्वालिसच, डोंबिवलीत. त्यामुळे दोन्ही गाड्या गेलं दीड वर्ष डोळ्यांसमोर आहेत.

तिसरा रस्ता आधीच निकालात काढतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मी गेलो होतो. पंपाचं धूड मिळालं, भावही बरा होता. पण आतली पाती किती झिजली आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि दुकानदार उघडून दाखवायला तयार नव्हता. त्याचंही बरोबर आहे, उघडला तर तो परत बसवणार कोण? मी रिकाम्या हाताने परतलो. तुमच्या पंपाची बॉडीच फुटली असेल तर बॉडीपुरता जुना पंप घ्यायला हरकत नाही, पण आतला माल त्याचा ठेवू नका.

पंपाला हात लावण्याआधी एक गोष्ट नक्की करा. बूस्टरकडे जाणाऱ्या होजमधला चेक व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा. हवा एकाच दिशेने जायला हवी. दोन्हीकडून जात असेल तर पंप निर्दोष असू शकतो. होज वळतो तिथे बोटाने दाबून तडे आहेत का तेही पाहा, मुंबईच्या दमट हवेत जुनं रबर आधी तिथेच फाटतं. बेल्ट सैल असला तरीही, विशेषतः पावसाळ्यात, पंप पुरेसा फिरत नाही. माझ्याकडे हे सगळं ठीक निघालं, म्हणून पंप उतरवला.

यावेळी गाडी सोडून ऑफिसला गेलो नाही. घराजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे शनिवारी सकाळी स्टूल टाकून बसलो. अल्टरनेटर बाकावर घेऊन त्यांनी मागचे बोल्ट सोडले, झाकण उचललं आणि काही न बोलता माझ्यासमोर धरलं. ओ-रिंगच्या खाचेत ओ-रिंग नव्हतीच. त्या जागी लाल सिलिकॉनची पेस्ट भरली होती. दाबून बसवल्यावर ती आतल्या बाजूलाही सांडली होती आणि तिचा गव्हाच्या दाण्याएवढा गोळा तेलाच्या बारीक भोकाशी चिकटला होता. मग त्यांनी रोटरमधून, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या भागातून, पात्या एकेक काढून कागदावर मांडल्या. पातीची एक कड गोल असते, एक सपाट. गोल कड बाहेर, बॉडीकडे हवी. आमची एक पाती उलटी बसली होती. सपाट कड बॉडीवर नीट टेकत नाही, मग तिच्या बाजूने हवा निसटते. "पंधरा का मोजत होतात, कळलं?" एवढंच ते बोलले.

तेल गळायचं कारण तर फारच क्षुल्लक होतं. तेलाचा पाइप ज्या पोकळ बोल्टने जोडतात त्या बँजो बोल्टला तांब्याची दोन वायसर लागतात. आधीच्या दुकानाने जुनीच, चेपलेली वायसर परत घातली होती. माझ्या मूळ तक्रारीचं उत्तर दोन वायसरांत होतं, त्यासाठी पंप उघडायची गरजच नव्हती.

बॉडीचं काय करायचं ते मिस्त्रींनी नखावर ठरवलं. आतून पुसून घेतली आणि अंगठ्याचं नख गोल फिरवलं. नख अडलं तर चर पडले आहेत, मग किट टाकून उपयोग नाही. अडलं नाही. रोटर बसतो त्या अल्टरनेटरच्या शाफ्टवरचे दातेही त्यांनी पाहिले. रोटर बसवून हाताने हलवला तर खडखड व्हायला नको. तीही झाली नाही. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून मी आदल्या दिवशीच किट आणलं होतं: पात्या, ओ-रिंग, ऑईल सील. किंमत म्हणाल तर चौघांच्या हॉटेलच्या जेवणाएवढी, तेही साध्या हॉटेलच्या. बसवताना पंपात थोडं इंजिन ऑईल ओतलं आणि पुली हाताने फिरवली, म्हणजे पहिल्या सेकंदाला पंप कोरडा फिरत नाही. वायसर अर्थातच नवी.

मेहुण्याचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं. "दाजी, किती वेळा उघडणार तो पंप? एकदाच नवा टाका आणि मोकळे व्हा." त्याचा अल्टरनेटरही गुणगुणायला लागला होता, तेव्हा त्याच्यापुरतं ते चूक नव्हतं. मूळ कंपनीच्या भागाची किंमत ऐकून दोघेही गप्प बसलो आणि त्याने बाजारातली दुसरी असेंब्ली घेतली. तिच्यासाठी माझ्या किटच्या अनेक पट पैसे गेले, पण अर्ध्या दिवसात गाडी हातात आली, नवं बेअरिंग, नवी सील, चार्जिंग उत्तम, दुकानाचं बिल आणि वॉरंटी. हे कमी नाही. माझा अख्खा शनिवार गेला, शिवाय किट आणायला शुक्रवारी संध्याकाळी चर्नी रोडची लोकल.

मग खटकलं काय? तेच आकडे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारायचं, कडक झालं की पाय दाबून ठेवायचा आणि स्टार्टर मारायचा. पेडल किती आकड्यांत खाली जातं ते मोजायचं. असं केलं की सुरुवात दोन्ही गाड्यांत सारखी होते. माझ्याकडे चार. मेहुण्याकडे आठ, कधी नऊ. याला मोजमाप म्हणायचं धाडस मी करणार नाही. माझे आकडे घाईचे असतील, त्याचा बूस्टर थकलेला असेल. गेज लावून कुणी पाहिलं तर दोन्ही पंप पासही होतील.

पण मुंबईत गाडी चालवणाऱ्याला हा फरक हायवेवर नाही, एलबीएस मार्गावर जाणवतो. पंप बेल्टवर, इंजिनच्या वेगाच्या प्रमाणात फिरतो. ईस्टर्न एक्सप्रेसवर इंजिन पळत असतं आणि ब्रेक क्वचित लागतो, तिथे लंगडा पंपही पुरतो. गॅरेजवाले ट्रायल तिथेच मारतात. कांजुरमार्गच्या सिग्नलआधी मात्र इंजिन आयडलवर आणि ब्रेक दर दहा फुटांवर. प्रत्येक दाबाला बूस्टर थोडा व्हॅक्यूम खातो आणि पंपाला तो आयडलवरच भरून काढावा लागतो. मेहुण्याच्या गाडीत तिथे लागोपाठ चौथ्या-पाचव्या ब्रेकला पेडल किंचित जड होतं. ब्रेक लागत नाही असं अजिबात नाही, पायाला कळतं एवढंच. तो म्हणतो, मला काही जाणवत नाही. असेलही, माझा पाय त्या तीन आठवड्यांपासून जरा संशयी झाला आहे.

दिवाळीत दोन्ही गाड्या महाबळेश्वरला नेल्या होत्या. पसरणी घाट उतरताना मी मुद्दाम त्याची गाडी चालवायला घेतली. वर महाबळेश्वरला, सुमारे 1350 मीटरवर, हवेचा दाबच कमी असतो. बूस्टर चालतो तो बाहेरची हवा आणि आतला व्हॅक्यूम यांच्यातल्या फरकावर, त्यामुळे पंप चांगला असला तरी मदत थोडी कमीच मिळते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, काही अडचण आली नाही. घाटाने दोघांनाही पास केलं. म्हणून पुन्हा सांगतो, तुमचं बरंचसं चालवणं गावाकडचं किंवा हायवेचं असेल तर नव्या असेंब्लीत तुम्हाला खटकण्यासारखं बहुधा काही सापडणार नाही.

नख अडलं, दाते खडखडले किंवा सीलमधून तेल अल्टरनेटरच्या आत जाऊन कार्बन ब्रश भिजले आणि चार्जिंगचा दिवा मिणमिणायला लागला, तर मीसुद्धा नवंच घेतलं असतं. ब्रश, बेअरिंग, शाफ्ट असं एकेक करत बसलात तर किटची स्वस्ताई कुठल्या कुठे जाते. शेजारी बसून काम करू देणारा मिस्त्री मिळत नसेल तरीही नवंच घ्या. पंप पुन्हा एकदा नजरेआड उघडायला देणं म्हणजे पहिल्या दुकानाचीच दुसरी फेरी.

किटवाल्या पंपाला दीड वर्ष झालं. तेल घाम आल्यासारखंसुद्धा दिसत नाही. पहिल्या महिन्यात रोज पुठ्ठा टाकून बघत होतो, नंतर पुठ्ठा वॉचमनने नेला. नवी असेंब्ली टाकतानाही मेहुण्याच्या मेकॅनिकने बँजो बोल्टला जुनीच वायसर लावली होती, हे मात्र गेल्या महिन्यात कळलं. त्याच्या पार्किंगमध्ये रुपयाएवढा डाग दिसला. परवा त्याचा फोन आला, दाजी, ते किट कुठल्या दुकानात मिळालं होतं? मी पत्ता पाठवला, आणि आधी फक्त दोन वायसर बदलून बघ असं सांगितलं.