स्लाइडवरची नजर टिपणारे यंत्र: तीन आठवड्यांच्या वापरानंतर

पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी पॅथॉलॉजी शिकवते. ऊतींच्या पातळ कापांच्या स्लाइड स्कॅन करून आम्ही त्या संगणकाच्या पडद्यावर पाहतो. विद्यार्थ्याच्या हातून स्लाइडवरची एखादी महत्त्वाची गोष्ट निसटली, की त्याची नजर तिथे पोचलीच नव्हती, की पोचूनही त्याला ती ओळखता आली नव्हती, हे मला कधीच खात्रीने सांगता आलेले नाही. म्हणून गेल्या ऑक्टोबरात आम्ही नजरेचा माग घेणारे एक यंत्र शहरातल्याच एका पुरवठादाराकडून तीन आठवड्यांसाठी भाड्याने घेतले.

यंत्र म्हणजे मॉनिटरच्या खालच्या कडेला बसणारी एक अरुंद पट्टी. ती डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडते आणि पारपटलावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर) उमटणारे त्याचे प्रतिबिंब व बाहुलीचा मध्य यांच्या परस्पर स्थानावरून नजर कुठे आहे ते काढते. सेकंदाला ६० नोंदी होतात. स्थिर चित्र पाहताना आपली नजर सलग सरकत नाही. साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद एका जागी ठरते आणि मग उडी घेते. त्यामुळे ती कुठे ठरली हे कळण्यासाठी ६० नोंदी पुरतात, आणि आम्हाला तेवढेच हवे होते.

अचूकतेबद्दल मात्र विकत घेणाऱ्याने स्वतः हिशेब मांडावा. माहितीपत्रकात नजरेच्या दिशेत अर्ध्या अंशाची चूक लिहिलेली आहे. पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसले तर ती सुमारे ५ मिलिमीटर होते. आमच्या २४ इंची मॉनिटरवर, ४० पट भिंगाने स्कॅन केलेली स्लाइड पूर्ण मोठी करून पाहिली, तर ते अंतर ऊतीवर ५ मायक्रॉनपेक्षा थोडे कमी भरते, म्हणजे लिम्फोसाइट या छोट्या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकापेक्षाही लहान. अशा वेळी नजर नेमक्या कोणत्या पेशीवर आहे हे सांगता येते. तीच स्लाइड १० पटीवर आणली की चूक १९ मायक्रॉनच्या आसपास जाते आणि शेजारशेजारच्या दोन पेशींपैकी कोणती पाहिली हे यंत्र सांगू शकत नाही. कमी पटीवर ते फक्त भाग सांगते, पेशी नाही. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हा फरक कोणी सांगितला नाही.

तरीही या यंत्राने जे दाखवले त्यासाठी भाडे सार्थकी लागले. स्तनाच्या लोब्युलर या प्रकारच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची काखेतील लसीकाग्रंथी मी दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला दिली होती. आवरणाखालच्या पोकळीत जेमतेम एक मिलिमीटरचा पेशींचा पुंजका होता. या कर्करोगाच्या पेशी सुट्यासुट्या आणि साध्या दिसतात, हिस्टिओसाइट (ग्रंथीत एरवीही असणाऱ्या भक्षक पेशी) म्हणून सहज खपून जातात. तिने ग्रंथी निर्दोष ठरवली आणि पुंजका दाखवल्यावर म्हणाली, “मॅडम, मी इथे आलेच नाही.” नोंदीनुसार ती तिथे दोनदा आली होती, भिंग मोठे केले होते आणि एकूण तीन सेकंदांहून अधिक काळ थांबली होती. ती खोटे बोलत नव्हती; तिला खरोखरच आठवत नव्हते.

क्ष-किरणतज्ज्ञ हॅरल्ड कुंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये फुप्फुसाच्या क्ष-किरण चित्रांच्या अभ्यासातून चुकांचे तीन प्रकार मांडले: नजर न पोचणे, नजर पोचूनही न ओळखणे, आणि बराच वेळ पाहून चुकीचा निर्णय घेणे. पहिली चूक करणाऱ्याला स्लाइड शिस्तीने फिरवायला शिकवावे लागते. या मुलीला मी आजवर तेच सांगत आले होते, आणि तिला हवे होते ते लोब्युलर पेशी व हिस्टिओसाइट शेजारी ठेवून पाहणे. हे कळल्यावर मला माझ्या जुन्या शेऱ्यांची फार चुटपुट लागली.

त्रासही कमी झाला नाही. प्रत्येक बैठकीपूर्वी नऊ ठिपक्यांचे कॅलिब्रेशन (पडद्यावरच्या ठिपक्यांकडे पाहून यंत्र त्या डोळ्यांशी जुळवून घेणे) करावे लागते आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्या माझ्या एका सहकाऱ्याचे ते चार प्रयत्नांतही जमले नाही. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की नोंदी तुटत, कारण उन्हातही अवरक्त किरण असतात; शेवटी जाड पडदे लावले. सर्वांत मोठी उणीव सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यातला हीटमॅप, म्हणजे नजर कुठे किती थांबली हे रंगांनी दाखवणारा नकाशा, पडद्यावर काढला जातो, स्लाइडवर नाही, त्यामुळे स्लाइड सरकवली की नजरेच्या खुणा भलत्याच जागी उरतात. जाहिरातीच्या स्थिर चित्रांसाठी तो चालेल, सतत सरकवत आणि लहानमोठी करत पाहण्याच्या प्रतिमेसाठी निरुपयोगी आहे. क्यूपाथ या स्लाइड पाहण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोणता भाग केव्हा आणि किती मोठा करून पाहिला याची नोंद ठेवता येते. ती आणि नजरेची नोंद वेळेनुसार जुळवायला आमच्या एका विद्यार्थ्याचे चार दिवस गेले. पुरवठादाराचा अभियंता दोनदा आला, आपुलकीने वागला, पण स्लाइडसाठी हे यंत्र त्याने कधी लावलेले नव्हते.

एक अट आम्ही सुरुवातीलाच घातली होती आणि ती प्रत्येकाने घालावी असे मला मनापासून वाटते: नोंद विद्यार्थ्याच्या संमतीनेच होईल आणि गुणांसाठी वापरली जाणार नाही. नजर कमी ठिकाणी थांबली म्हणजे मूल आळशी, असा अर्थ लावणे सोपे आहे आणि चूकही. वैद्यकीय प्रतिमा कशा पाहिल्या जातात याच्या अभ्यासक एलिझाबेथ क्रुपिन्स्की यांच्या २००६ च्या अभ्यासात स्तनाच्या बायॉप्सीच्या डिजिटल स्लाइड पाहताना अनुभवी पॅथॉलॉजिस्टना विद्यार्थ्यांपेक्षा कमी वेळ लागला होता.

विभागासाठी हे यंत्र विकत घ्यावे असे मी सध्या म्हणणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दोन महिने आधी ते पुन्हा भाड्याने मागवले आहे, आणि या वेळी लसीकाग्रंथींच्या स्लाइड सर्वांत आधी लावणार आहोत.