क्विल्टसाठी डाय-कटर घेताना: आधी डाय ठरवा, मग मशीन

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी; डाय-कटर ते तुकडे दाबाने कापतो. हाताने फिरवायचा डाय-कटर म्हणजे दोन रोलर आणि एक हँडल. अचूकपणा असतो तो डायमध्ये, म्हणजे स्पंजात बसवलेल्या पोलादी पात्यांत. म्हणून आपण कोणते ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोनी भाग) वारंवार शिवतो ते आधी पाहावं. डायवरचा एकूण खर्च बघता बघता मशीनच्या पुढे जातो, हेही मनाशी धरून ठेवावं.

रुंदीवर बहुतेकांची गफलत होते. साइझिक्स कंपनीच्या मूळ बिग शॉट मशीनची रुंदी ६ इंच, ॲक्युक्विल्ट कंपनीचं ‘गो! मी’ हे मशीन त्याच वर्गातलं. आता १२ इंची ब्लॉक घ्या. त्यातला ६ इंची चौकोन चारही बाजूंनी पाव इंच माया धरून ६॥ इंचांचा कापावा लागतो, आणि तो या मशीनमधून जातच नाही. ॲप्लिकची (कापडावर कापड लावून केलेल्या नक्षीची) पानं-फुलं, लहान षटकोन एवढंच करायचं असेल तर छोटं मशीन पुरतं. पूर्ण क्विल्ट शिवणाऱ्याने १० इंची ‘गो!’ मशीनपासून सुरुवात करावी. पट्ट्यांच्या डायसाठी त्याला १० बाय २४ इंचांची मॅट (कापडावर ठेवायची प्लास्टिकची पाटी) लागते. कापड एकदा दुमडलं की त्याचा पूर्ण पन्हा तीवर मावतो. खांदा किंवा मनगट दुखत असेल तर विजेवर चालणारा ‘गो! बिग’ बघावा.

क्रिकट मेकर आणि ब्रदर स्कॅनएनकट या मशीनांची जात वेगळी. त्यांत डाय नसते, पातं कापडावरून फिरतं. हवा तो आकार मिळतो, पण साधारण एका वेळी एकच थर. ६० बाय ७२ इंचांच्या क्विल्टमध्ये १२ इंची ३० ब्लॉक बसतात. प्रत्येकात ३२ त्रिकोण असतील तर एकूण ९६०. डायवर चार त्रिकोण आणि सुती कापडाचे सहा थर असले की एका फेरीत २४ निघतात, म्हणजे ४० फेऱ्यांत काम आटोपतं. डायचा खरा फायदा इथे आहे. एकुलत्या एका फुलासाठी डाय घेणं मात्र उधळपट्टीच.

वापरताना खरी मेख धाग्याची. कापडाचा उभा धागा मशीनमध्ये जाण्याच्या दिशेला ठेवा. आडवा धागा जास्त ताणतो, आणि तसं कापड रोलरखाली लांबलं तर चौकोनाचा आयत होतो. दुमड धाग्याला सरळ नसेल तर पट्टी मधोमध कोपरासारखी वाकते. लांब पातं रोलरला समांतर आलं की हँडल अडतं, कारण सगळं पातं एकदमच दाबाखाली येतं. जागा असेल तर डाय थोडी तिरकी सरकवा.

कडेला दोन-चार धागे न कापता राहतात ही नेहमीची तक्रार. दोष बहुधा मशीनचा नसतो. पात्याच्या कोपऱ्यात तूस साठलेलं असतं, ते सुईने काढा; किंवा मॅटवर त्याच जागी खोल चर पडलेली असते. दर फेरीला मॅट उलटवा, फिरवा. वाकलेली मॅटही त्यामुळे सरळ होत राहते. तरी धागे राहिले तर एक थर कमी करा.

कापड डायच्या मापापेक्षा पाव इंच मोठं घ्या, त्याहून जास्त नको. पाती स्पंजात दडलेली असतात, म्हणून त्यांच्या रेषा मार्करने डायवर आखून ठेवल्या की चिंध्या कमी होतात. झुळझुळीत कापडाला आधी खळ लावून इस्त्री करावी. ॲप्लिकच्या कापडाला फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारा थर) कापण्याआधीच चिकटवा. कापून झाल्यावर इवल्याशा पाकळ्यांना ते लावणं म्हणजे शिक्षाच.

दोन कंपन्यांच्या डाय अदलाबदल करून वापरायच्या असतील तर जपून. ॲक्युक्विल्टमध्ये डायवर कापड आणि त्यावर एकच मॅट. साइझिक्सच्या बिग्झ डायला खाली-वर दोन पॅड. थरांची जाडी बदलली की एकतर कापत नाही, नाहीतर हँडल अडकतं. अडकलं तर जोर लावू नका, उलट फिरवून डाय बाहेर काढा.

पहिली खरेदी म्हणून ॲक्युक्विल्टचा डायचा क्यूब संच घ्यावा. ८ मूळ आकारांतून ७२ ब्लॉक जुळवता येतात. पण क्यूब ब्लॉकच्या मापाप्रमाणे वेगवेगळा मिळतो. ९ इंची क्यूबचे तुकडे १२ इंचीत बसवायला जाऊ नका.