मिनिटाच्या दराने ‘सायकिक रीडिंग’: पैसे नेमके कशाचे जातात?

‘सायकिक’ म्हणजे अतींद्रिय शक्तीने माणसाची माहिती, भविष्य किंवा गेलेल्यांचे निरोप कळतात असा दावा करणारी व्यक्ती, आणि ती जे सांगते ते ‘रीडिंग’. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर मिनिटाच्या दराने मिळणाऱ्या रीडिंगमध्ये समोरचा आपल्याबद्दल सांगतोय असं ग्राहकाला वाटतं. खरं तर बहुतेक माहिती ग्राहकच पुरवतो आणि थोड्या वेळाने तीच विकत घेतो. म्हणून या सेवेची आम्ही शिफारस करत नाही.

सुरुवात खडा टाकून होते. “छातीशी संबंधित काही त्रास... घरातलं कोणी वडीलधारं?” छाती म्हटलं की हृदयविकार, दमा, न्यूमोनिया सगळं आलं, वडीलधारं म्हटलं की आजीपासून मामापर्यंत कोणीही चालतं. ग्राहक म्हणतो, “हो, आजोबा.” पंधरा मिनिटांनी तेच गेलेले आजोबा सायकिकच्या तोंडून निरोप देऊ लागतात, आणि नंतर घरी सांगितलं जातं, “आजोबांचं बरोबर ओळखलं!” चुकलेला खडाही वाया जात नाही. “प्रवासाचा बेत नाही ना?” यावर ‘आहे’ म्हटलं तर “वाटलंच मला”, ‘नाही’ म्हटलं तर “बरोबर, सध्या नकोच.”

गोलमोल वाक्यांची ताकद मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये मोजली. ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास विश्लेषण’ म्हणून एकच मजकूर दिला; अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले.

सगळे सायकिक जाणूनबुजून फसवतात असं मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ रे हायमन तरुणपणी हात पाहायचे आणि त्यांचा त्यावर विश्वासही बसला होता. एकाने सुचवलं म्हणून त्यांनी रेषांचा अर्थ मुद्दाम उलटा सांगायला सुरुवात केली, तरी लोक तितकेच खूश! समोरची मान डोलते, म्हणून सांगणाऱ्यालाही आपल्याला काहीतरी दिसतंय असं वाटू लागतं.

आधी माहिती काढून ठेवणं हा प्रकार वेगळा, आणि तो सरळ लबाडीचा. अमेरिकेतले ‘दैवी’ उपचार करणारे पीटर पॉपॉफ यांना लोकांची नावं-आजार कानातल्या यंत्रावर त्यांची बायको सांगत होती. १९८६ मध्ये, अशा दाव्यांचं पितळ उघडं पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या चमूने ३९.१७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर ते बोलणं पकडलं. आता बुकिंगचा फॉर्म आणि सोशल मीडियावरचं प्रोफाइल पुरतं.

ग्राहकांना मूर्ख ठरवणं आम्हाला पटत नाही. नुकतंच कोणी गेलेलं असतं, लग्न मोडायला आलेलं असतं, आणि कोणीतरी तासभर मन लावून ऐकतं. तो आधार खरा असतो. म्हणूनच “तुमच्यावर बाधा आहे, तोडगा करावा लागेल” हे वाक्य इतकं घातक ठरतं. इथून रक्कम वाढत जाते, कारण गुण आला नाही तर बाधा ‘जास्त जुनी’ निघते.

तरीही जायचंच असेल तर पूर्ण नाव आणि फोटो देऊ नका, पहिली दहा मिनिटं ‘हो-नाही’सुद्धा म्हणू नका, परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. नंतर ते शब्दशः उतरवून काढा. प्रश्न खोडा, तुम्ही स्वतः सांगितलेलं खोडा, कोणालाही लागू पडेल ते खोडा. उरलेल्या वाक्यांत चूक किती, बरोबर किती ते मोजा. त्याहून चांगली चाचणी चार-पाच जणांनी मिळून करता येते: सगळ्यांची रीडिंग्ज नावं काढून एकत्र करायची आणि प्रत्येकाने आपलं कोणतं ते ओळखायचं. तोडग्याचा विषय निघाला की मात्र रेकॉर्डिंग पूर्ण होण्याची वाट पाहू नका, कॉल तिथेच बंद करा.