रुग्णालयाच्या दारावरची झडती : चौदा दिवसांचा अनुभव

सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडल्यामुळे गेल्या पावसाळ्यात आम्ही सलग चौदा दिवस एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होतो. शस्त्रक्रिया नीट झाली आणि डॉक्टर, परिचारिकांविषयी आमची काहीही तक्रार नाही. हे परीक्षण त्या रुग्णालयाने नातेवाइकांसाठी सुरू केलेल्या प्रवेशपासाचे आणि दारावरच्या शस्त्र-तपासणीचे आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या दुरुस्त होण्याआधी तिथे कोणत्या दाराने न तपासता शिरता येते हे जाहीर करणे योग्य होणार नाही.

या विषयाकडे मी इतक्या बारकाईने पाहते याला कारण आहे. माझी धाकटी बहीण दुसऱ्या एका रुग्णालयात गेली नऊ वर्षे स्टाफ नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी रात्रपाळीत एका रुग्णाच्या नातेवाइकाने सलाइनचा स्टँड उचलून तिच्यावर उगारला आणि तो अडवताना तिचे मनगट मोडले. तेव्हापासून कोणत्याही रुग्णालयात पाऊल टाकले की माझे लक्ष आधी दाराकडे जाते.

इथली पद्धत अशी आहे. रुग्ण दाखल होताच केसपेपरच्या खिडकीवर शंभर रुपये अनामत घेऊन दोन पास देतात. पिवळा पास सोबत राहणाऱ्या एका माणसासाठी दिवसरात्र चालतो, आणि पांढऱ्या पासावर दुपारी चार ते सहा या वेळेत एकावेळी एकालाच भेटायला जाता येते. पासावर वॉर्ड आणि खाटेचा क्रमांक ठळक लिहिलेला असतो, त्यामुळे भलत्या मजल्यावर फिरणारा माणूस चटकन ओळखू येतो. वॉर्डांच्या इमारतीच्या दाराशी मेटल डिटेक्टरच्या दोन चौकटी आहेत, एक स्त्रियांसाठी आणि एक पुरुषांसाठी. चौकट वाजली तर हातातल्या यंत्राने पुन्हा तपासतात, आणि स्त्रियांची तपासणी पडद्याआड महिला रक्षकच करते. भेटीच्या वेळेला रांग लांबते, पण मला कधी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागले नाही.

चौकटीच्या दोन्ही खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून सोडलेल्या चुंबकीय लहरींत धातू आला की यंत्राला फरक कळतो, आणि धातू शरीराच्या साधारण कोणत्या उंचीवर आहे हे खांबावरचे दिवे दाखवतात. यंत्र फार हळवे ठेवले तर पट्ट्याचे बक्कल, चाव्यांचा जुडगा, साडीच्या पिना अशा सगळ्यांवरच ते वाजते आणि मग रक्षक त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतात. फार निबर ठेवले तर लहान पाते सुटून जाते. म्हणून चौकटीपेक्षा तिच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे महत्त्व मोठे आहे, आणि या बाबतीत दिवसपाळीच्या रक्षकांना मी पूर्ण गुण देईन.

पाचव्या दिवशी आमच्या मावससासूबाई गावाहून भेटायला आल्या. वय ऐंशीच्या घरात, कमरेला पानाची चंची, आणि चंचीत अडकित्ता. चौकट वाजली. महिला रक्षकाने चंची उघडायला लावली आणि म्हणाली, "आजी, चंची न्या आत, पण अडकित्ता इथं ठेवा. जाताना टोकन दाखवा, लगेच मिळेल." मावशी रागावल्या : "अगं बाई, मग सुपारी काय दातानं फोडू?" त्यावर ती ओरडली नाही आणि रांग अडली म्हणून तिने त्यांना पुढेही ढकलले नाही. "इथंच कातरून घ्या की," म्हणत तिने टेबलाचा कोपरा मोकळा करून दिला. मावशींनी दिवसभराची सुपारी तिथे उभ्याउभ्या कातरून घेतली, अडकित्ता सत्तेचाळीस क्रमांकाच्या कापडी पिशवीत गेला, वहीत नोंद झाली आणि अंगठा उमटला. संध्याकाळी जाताना तो जसाच्या तसा परत मिळाला. ज्या व्यवस्थेत म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा न करता धारदार वस्तू बाहेर ठेवून घेता येते, ती लोक निमूटपणे पाळतात हे मी तिथे रोज पाहिले.

त्या टेबलावरच्या ट्रेमध्ये एका दुपारी मी डोकावले तेव्हा फळे कापायच्या चार सुऱ्या, दाढीची पाती, एका वायरमनचा पक्कड आणि पेचकस, आणि शेतातून थेट आलेल्या कुणाचा तरी गोणपाटात गुंडाळलेला विळा एवढे सामान होते. यांतल्या एकाच्याही मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. पण जानेवारी 2023 मध्ये यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णानेच निवासी डॉक्टरवर चाकूने वार केले होते. सुरी कुणी कशासाठी आत आणली यापेक्षा ती वॉर्डात हाताशी असणे हाच धोका आहे. इथे सुरी काढून घेतात, पण तळमजल्यावरच्या उपाहारगृहात फळे फुकट कापून देतात, आणि ही साधी सोय मला सगळ्या यंत्रांइतकीच मोलाची वाटली.

अशी तपासणी रुग्णालयात शोभत नाही, असे रांगेतले काही जण बोलत होते. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका रुग्णालयात मेटल डिटेक्टर बसवल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच 33 पिस्तुले, 1,324 चाकू आणि डोळ्यांत फवारायचे 97 फवारे दारावर अडवले गेले, ही नोंद तिथल्या सरकारी प्रकाशनांत आहे. आपल्याकडे पिस्तुलांचे प्रमाण तसे नाही, पण चाकूचे आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईच्या गिंडी येथील सरकारी रुग्णालयात एका कर्करोगतज्ज्ञाला रुग्णाच्या मुलाने भोसकले. तो चाकू दारावरच्या तपासणीत सापडू शकला असता. याउलट मे 2023 मध्ये केरळात कोट्टारक्कराच्या तालुका रुग्णालयात ज्या तरुण डॉक्टरचा जीव गेला, तिच्यावर पोलिसांनीच उपचारांसाठी आणलेल्या माणसाने तिथल्याच शस्त्रक्रियेच्या कात्रीने वार केले होते. तिथे दारावर कितीही चांगली चौकट असती तरी उपयोग झाला नसता. म्हणून मी आमच्या वॉर्डातली ड्रेसिंगची ट्रॉली रोज पाहत असे. काम संपताच सिस्टर कात्र्या आणि चिमटे मोजून कपाटात कुलूपबंद करत, आणि एकदा एक कात्री कमी भरली तेव्हा ती सापडेपर्यंत त्यांनी पाळी संपवली नाही.

पासांचा खरा फायदा गर्दी कमी होण्यात आहे. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात जमावाने एका निवासी डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि त्यानंतर राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी सामूहिक रजा घेतली. त्या वेळी पुढे आलेल्या मागण्यांत सुरक्षा रक्षकांबरोबर नातेवाइकांची संख्या मर्यादित ठेवण्याचा मुद्दाही होता. बहिणीवर हल्ला झाला तेव्हा तिच्या वॉर्डात एका खाटेभोवती अकरा माणसे होती. इथे चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री मोजून चाळीस माणसे दिसली आणि सिस्टरांना एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जायला वाट मोकळी होती.

आता उणिवा. वर केलेली सगळी स्तुती रात्री दहापर्यंतची आहे. दहानंतर मोठे दार बंद होते आणि धुलाईघराकडचे मागचे दार कर्मचाऱ्यांसाठी उघडे राहते. तिसऱ्या रात्री मुसळधार पावसात मी स्वतः त्या दाराने आत आले. हातात मोठी पिशवी होती, आणि वॉर्डापर्यंत मला कुणीही हटकले नाही. हातातल्या तपासणी यंत्रांपैकी एकाची बॅटरी दोन दिवस उतरलेली होती, तरी रक्षक ते अंगावरून फिरवत होता. न चालणारे यंत्र फिरवण्यापेक्षा "यंत्र बंद आहे, पिशवी उघडून दाखवा" असे सांगणे केव्हाही बरे.

सर्वांत कच्ची जागा म्हणजे अपघात विभाग. स्ट्रेचर तपासणीसाठी थांबवता येत नाही आणि थांबवूही नये, पण स्ट्रेचरबरोबर धावत येणाऱ्यांना आतल्या दारापाशी अडवायला हवे. नवव्या रात्री रक्तपेढीतून पिशवी आणायला गेले असता मोटारसायकलच्या अपघातात सापडलेल्या एका मुलाला घेऊन वीसेक माणसे एकदम आत शिरली. त्यांच्यापैकी एकाच्या हातात काढलेला पट्टा होता. समोर एक निवासी डॉक्टर मुलगी, एक सिस्टर आणि दोनच रक्षक. आवाज चढत गेले, रक्षकाने शिट्टी वाजवली, पण आवारातल्या पोलीस चौकीतून शिपाई यायला वेळ लागला. तोवर समाजसेवा अधीक्षक पुढे झाले. त्यांनी मुलाच्या वडिलांना आणि काकांना हाताला धरून आत नेले, मुलगा शुद्धीवर आहे आणि त्याला सीटी स्कॅनला नेत आहेत हे दाखवले, आणि दर पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बाकीच्यांना माहिती दिली. माणसे खाली बसली. हे गृहस्थ त्या रात्री दुसऱ्या कामासाठी थांबले होते. एरवी रात्री त्या खुर्चीवर कुणी नसते असे रक्षकानेच सांगितले. या रुग्णालयाला आणखी एक चौकट घ्यायची असेल तर आधी अपघात विभागात नातेवाइकांशी बोलणारा रात्रपाळीचा माणूस नेमावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दारावर 2010 च्या राज्य कायद्याचा फलक मराठीत, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लावला आहे : वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि मोडतोड केल्यास वस्तूच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. फलक चांगला आहे, पण तक्रार कुणी नोंदवायची हे त्यावर नाही. माझ्या बहिणीला मोडलेल्या हातानिशी स्वतः पोलीस ठाण्यात जावे लागले होते. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने असा हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेच्या प्रमुखानेच गुन्हा नोंदवायचा असे कळवले आहे. तेवढी एक ओळ फलकावर वाढवली तर तिथे काम करणाऱ्या प्रत्येक सिस्टरला आपल्या मागे कोण उभे राहणार हे कळेल.

या रुग्णालयात येणाऱ्यांनी सुरी, कात्री, अडकित्ता घरी ठेवावा, डबा वरच्या बाजूला ठेवून पिशवी भरावी म्हणजे तपासणी लवकर होते, आणि अनामतीची पावती जपावी, कारण तिच्याशिवाय शंभर रुपये परत मिळत नाहीत. मागच्या दाराविषयी आणि अपघात विभागाविषयी मी अधिष्ठात्यांच्या नावे लेखी अर्ज दिला. सासूबाईंना घरी नेले त्याच्या आदल्या रात्री धुलाईघराच्या दाराशी खुर्ची टाकून एक रक्षक बसलेला दिसला. त्याने माझा पास पाहिला आणि पिशवी उघडायला लावली. हातातले यंत्र मात्र त्याला अजून मिळालेले नव्हते.