टीनएजर्सची फिटनेस टेस्ट: सर एक नंबर, रिपोर्ट मात्र भंगार

आमच्या भागातल्या एका स्पोर्ट्स क्लबच्या टीन बॅचबद्दल लिहितेय. नाव मुद्दाम टाकत नाहीये, खाली तक्रार पण आहे, आणि अशा बॅचेस आता पुण्यात गल्लोगल्ली निघाल्यात त्यामुळे नाव नसलं तरी कामाला येईल. 13 ते 17 वयाची पोरं, आधी टेस्ट, मग प्रत्येकाला वेगळं टार्गेट, तीन महिन्यांनी परत तीच टेस्ट. माझी लेक नववीत आहे आणि आडवं पडून रील्स बघण्यात नॅशनल लेव्हलची, म्हणून घातली.

टेस्टमध्ये आहे काय तर खेलो इंडियाची शाळांसाठीची जी आहे जवळपास तीच. उंची वजन, 50 मीटर जोरात पळणं, 600 मीटर पळत नाहीतर चालत, पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकायचं म्हणजे सिट अँड रीच, 30 सेकंदात किती कर्ल-अप (पाठीवर झोपून डोकं-खांदे वर उचलायचे) होतात ते, आणि पुशअप्स, मुलींना गुडघे टेकून. स्टॉपवॉच, टेप आणि एक लाकडी खोका, संपलं सामान. खरं तर हे शाळेत पण होतं पण तिथे पीटीच्या एका तासात अख्खा वर्ग उरकायचा असतो, आकडे कुठल्या तरी फॉर्ममध्ये जातात आणि पोरांना पत्ता पण लागत नाही. त्यामुळे पैसे टेस्टचे नाहीत, टेस्टनंतर कोण बसून बोलतं त्याचे आहेत, आणि इथले सर त्यात खरंच भारी आहेत.

600 मीटरचंच बघा. ग्राउंडचे तीन राउंड. सगळी पोरं पहिल्या राउंडला वाघ मागे लागल्यासारखी सुटली आणि दुसऱ्यात कंबरेवर हात ठेवून उभी. सर काही ओरडले नाहीत, टाइम लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात परत पळवलं, यावेळी म्हणाले पहिला राउंड शेजारच्याशी दोन शब्द बोलता येतील एवढाच पळा, जोर शेवटी लावा. लेकीचा टाइम वीसेक सेकंदांनी कमी झाला, ती नाचतच आली. सर म्हणाले, "अगं हा फिटनेस नाही वाढला, अक्कल वाढली." आणि तीन महिन्यांनी तुलना करायला हा दुसरा टाइम पकडला, पहिला खोडून टाकला. दुसरा कुणी असता तर पहिलाच ठेवून शेवटी आम्हाला केवढी प्रगती म्हणून दाखवला असता, तिथेच माझा विश्वास बसला.

मग टार्गेट ठरवणं. प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारतात, काय गं, काय रे, तुला काय जमायला हवंय? आईबाबांनी मध्ये बोलायचं नाही, मला दोनदा गप्प केलं. मुलांचं ठरलेलं, सिक्स पॅक. एकाला सरांनी बारला लटकायला सांगितलं, किती वेळ टिकतोस ते बघू, नंतर एक पुलअप, पॅकचं मग बोलू. आमची बराच वेळ गप्प आणि मग म्हणाली मैत्रिणींबरोबर पर्वती चढताना मीच मधे थांबते, लाज वाटते. मला हे माहीतच नव्हतं हो! झालं, कागदावर तेच लिहिलं, पर्वती न थांबता, आणि त्याखाली आठवड्यातून तीन दिवस स्टेप-अप म्हणजे पायरीवर चढउतर आणि स्क्वॉट, बाकीचे दिवस काहीतरी हालचाल मग नाच असो नाहीतर सायकल. एकाच्याही कागदावर किलो लिहिलेले नव्हते. सरांचं म्हणणं वाढत्या वयात वजन वाढणारच, ते काय हातात आहे, स्टेप-अप करणं हातात आहे.

अजून एक आवडलं. एक मुलगा मागच्या वर्षात ताडमाड वाढलाय, त्याचं सिट अँड रीच आधीपेक्षा कमी आलं, आई वैतागलेली. सरांनी समजावलं की उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात, म्हणून काही दिवस पोरं अशी ताठरतात, मुलींचं हे साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांचं चौदाव्या. या काळात गुडघ्याच्या वाटीखाली दुखलं तर अंगावर काढू नका, सांगा, उड्या कमी करू.

आता तक्रार. ऑफिसमध्ये एक बॉडी कंपोझिशनचं, म्हणजे अंगात चरबी किती वगैरे सांगणारं मशीन ठेवलंय, त्याचे वेगळे पैसे, नको म्हणता येतं हे कुणी सांगत नाही. त्यातनं रंगीत रिपोर्ट येतो आणि त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, मोठ्यांच्या तक्त्यावर! मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघून ठरवतात, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 5 ते 18 वर्षांचे 2015 चे तक्ते आहेत, कुठल्याही मुलांच्या डॉक्टरकडे मिळतील. आणि फॅटचा टक्का तर पाणी किती प्यायलंय, जेवण कधी झालंय यावर पण खालीवर होतो. त्यावर लाल रंगात शेरे मारायचे पंधरा वर्षांच्या पोरींना?

कहर म्हणजे अख्ख्या बॅचचे रिपोर्ट एकाच पीडीएफमध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. नाव, वजन, सगळं. फोन केला तर डेस्कवरची मुलगी म्हणते "मॅडम, सगळ्यांचंच टाकलंय." अगं बाई तोच तर प्रॉब्लेम आहे. संध्याकाळी डिलीट केलं पण तोवर पोरांनी बघितलेलं होतं, एक मुलगी पुढचे काही दिवस आलीच नाही. वर दोन दिवसांनी डाएट प्लॅन आणि प्रोटीन पावडरसाठी फोन सुरू. सरांचा यात काही हात नाही, त्यांना पण आवडलेलं नव्हतं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

रिझल्ट म्हणाल तर 600 चा टाइम खरंच सुधारला, पुशअप्स जेमतेम दोन-तीनने, पर्वतीला अजून एकदा थांबते पण स्वतःहून जाते, मला ढकलावं लागत नाही.

माझे पाचपैकी साडेतीन, कापलेले सगळे ऑफिसचे. तुमच्याकडच्या अशा कुठल्या बॅचला चौकशी करायला गेलात तर फी विचारायच्या आधी रिपोर्ट कोण कोण बघणार ते विचारा, मशीनला सरळ नको म्हणा, आणि टार्गेट ठरवताना पोराशी कोण बोलणार त्या माणसाला आधी भेटून घ्या.