स्लॅशर मालिका बघावी की व्हिएतनामी सिनेमा?

पावसाळ्यात घरी बसून एखादी अख्खी चित्रपटमालिका संपवायची असेल, तर दोन टोकांचे पर्याय सुचवते. एक, अमेरिकन स्लॅशर: मुखवटा घातलेला खुनी आणि एकेक करून मरणारी तरुण पोरं. दुसरा, गेल्या दहा-बारा वर्षांत झपाट्याने वाढलेला व्हिएतनामचा धंदेवाईक सिनेमा, त्यातही ली हाय या गायक-दिग्दर्शकाची ‘लत मत’ मालिका. इंग्रजीत तिला ‘फेस ऑफ’ म्हणतात. जॉन वूच्या त्याच नावाच्या हॉलिवूड सिनेमाशी तिचा काही संबंध नाही.

स्लॅशरमध्ये ‘हॅलोविन’ (१९७८) चुकवू नका. जॉन कारपेंटरने तो सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास बनवला. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला. सुरुवातीला कॅमेरा खुन्याच्याच डोळ्यांनी घरात शिरतो, सुरी उचलतो, जिना चढतो. खून होतो, तो बाहेर येतो, कोणीतरी त्याच्या तोंडावरचा मुखवटा ओढतं, आणि समोर विदूषकाच्या कपड्यातलं सहा वर्षांचं पोर उभं असतं. पुढे या मालिकेचे एकूण तेरा सिनेमे झाले, पण या प्रसंगाच्या जवळपास जाणारं त्यात फार नाही. पहिला बघून थेट २०१८चा लावा. त्याने मधले सगळे भाग झालेच नाहीत असं धरलंय, आपणही धरावं.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ माझ्या मते सोडून द्या. १९८४ साली ‘द फायनल चॅप्टर’ असं नाव देऊन चौथा भाग काढला आणि पुढच्याच वर्षी पाचवा आला. त्यातला खुनी जेसन नंतर अंतराळातही जाऊन आला! पात्रं मरण्यापुरती येतात, त्यांची नावं लक्षात ठेवायचीही गरज पडत नाही. ‘स्क्रीम’चा (१९९६) पहिला भाग मात्र बघाच, पण ‘हॅलोविन’नंतर. त्यातल्या पोरांनी स्लॅशर बघितलेले असतात, त्यामुळे तुम्हीही एखादा बघितलेला असला तर खरी गंमत.

‘लत मत’चा हिशोब उलटा. २०१५ ते २०२५ मध्ये आठ भाग आले, पण गोष्ट आणि पात्रं बहुतेक वेळा नवी. कायम राहतं ते नाव आणि ली हाय. चौथा भाग भुताटकीचा, सहावा लॉटरीच्या तिकिटावरून मित्रांत पेटलेल्या हावेचा. सातवा (२०२४) तर थेट घरगुती: ७३ वर्षांची आई पडून जायबंदी होते आणि पाच मुलांपैकी तिचं करायचं कोणी, हा प्रश्न उभा राहतो. मला हाच सगळ्यात जास्त लागला. स्लॅशरच्या सातव्या भागाबद्दल असं कोणी म्हणाल्याचं ऐकलंय?

तिथल्या प्रेक्षकाची ताकदही जाणवते. दिग्दर्शक त्रान थानच्या ‘माई’ने २०२४ मध्ये कमाईत ५०० अब्ज डाँगचा (तिथलं चलन) टप्पा ओलांडला, २०२५ मध्ये ‘रेड रेन’ हा युद्धपट ७०० अब्जांच्या पुढे गेला. भयपटही वाढलेत, मात्र त्यांच्यावर सेन्सॉरची जुनी छाया आहे. अंधश्रद्धा पसरवू नये म्हणून कित्येक सिनेमांत भूत शेवटी स्वप्न, भास किंवा माणसाचीच लबाडी निघायचं. रक्तपात आणि भीती एवढंच हवं असेल तर इथे हिरमोड होईल. रडारड भरपूर, विनोद कर्कश, लांबी जरा जास्तच, आणि आठही भाग सबटायटल्ससह मिळवणं हे वेगळंच काम.

म्हणून व्हिएतनामची सुरुवात ‘फ्युरी’पासून (२०१९) करा. अभिनेत्री न्गो थान वान यात वसुली करणारी गुंड बाई आहे; मुलगी पळवली जाते आणि ती सायगॉन शहरापर्यंत मारामारी करत जाते. हा नेटफ्लिक्सवर आला होता. आवडला तर ‘लत मत’चा सातवा शोधा, नाही आवडला तर ‘स्क्रीम’ लावा. दुसरा भागही वाईट नाही, तिसरा इस्त्री करता करता बघण्यासारखा आहे.