गिरणेचं प्रदूषण: किड्यांची कुळं मोजावीत की लक्षणं?

जळगावची एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी प्रकल्पावरून अडली आहे: प्रदूषण ओळखायला गिरणा नदीतले किडे कुळावरून (जवळच्या जातींच्या गटावरून) मोजू की लक्षणांवरून?

खर्च सारखाच. जाळी, पांढरा ट्रे, भिंग, अल्कोहोल.

फरक आहे वेळेचा. कुळांच्या पद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण; घाण पाणी जितकं कमी सोसतं, तितके जास्त. मेफ्लाय या पाणकिड्याच्या काही कुळांना १०, लाल अळीच्या कुळाला २. बेरीज केली की झालं. ही गुणपत्रिका मात्र मूळची ब्रिटनची. आपल्या नद्यांना ती जशीच्या तशी लावू नये.

लक्षणांचे प्रश्न वेगळे: श्वास कल्ल्यांनी की वरच्या हवेतून, वर्षात पिढ्या किती, खाणं काय. तीच लाल अळी ट्रेमध्ये नीट पाहा. लाली हिमोग्लोबिनची, म्हणून ऑक्सिजन घटलेल्या गाळातही ती तगते. सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला अशाच अळ्या आणि शेपटीच्या नळीने हवा घेणारे किडे उरले, तर कारणच हाती लागतं. आपल्या कपाशी-केळीच्या पट्ट्यात आणखी एक सोय: कीटकनाशकाला नाजूक किडे किती उरले, यावर बेतलेला स्पिअर निर्देशांक युरोपात वापरतात. पण लक्षणांच्या तयार याद्याही बहुतेक तिकडच्याच. इथल्या जातींसाठी संदर्भ धुंडाळत बसावं लागतं, आणि ते कंटाळवाणं काम आहे.

शिवाय उन्हाळ्यात आवर्तन सुटेपर्यंत गिरणेची डबकी होतात. त्याचा परिणाम दोन्ही पद्धतींत प्रदूषणाच्या खाती पडू शकतो. नाल्याच्या वरचं एक ठिकाण तुलनेला हवंच.

शाळेचा उपक्रम असेल किंवा वर-खालचा फरक झटपट दाखवायचा असेल, तर कुळं. सांडपाणी की फवारणी हे वेगळं काढायचं असेल आणि हाताशी वर्ष असेल, तर लक्षणं.